ठेंगण्या दारातून

माझ्या सासूपुढं, म्हणजे आमच्या आत्याबाईपुढं, भल्याभल्यांनी हात टेकलेत. दोन हजार सोळा, पोपनी जाहीर केलेलं ते पवित्र वर्ष. टेकडीवरच्या मारियामायच्या देवळाचं दार त्यासाठी खास उघडलं होतं. त्यातून गेलं की पापांची माफी मिळते, आणि मेलेल्या माणसाच्या नावानंही जाता येतं, असं फादरनी सांगितलं. पास्कल गेल्यापासून चर्चची पायरी न चढलेली आत्याबाई त्या संध्याकाळी म्हणाली, "पास्कलले न्यायचं हाये." ऐन कापूस वेचणीचे दिवस, मजुरी बुडणार होती. पण तिनं एकदा ठरवलं की ठरवलं.

पास्कल माझा नवरा. राळेगावकडच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. ताडमाड माणूस, आमच्या घराच्या चौकटीला रोज कपाळ आपटायचा, आणि आत्याबाई चुलीपाशी बसून रोज त्याला सावध करायची. इतक्यांदा आपटूनही शहाणपण कसं येत नाही, म्हणून मी चिडवायची. मग दोन वर्षं कापूस पिकला नाही आणि जिनिंग बंद पडली. पास्कल घरात बसला, बोलेनासा झाला, आणि एका दुपारी त्यानं फवारणीचं औषध घेतलं.

त्याला आम्ही चर्चमध्ये नेलं, तर दारात देवसिंग मास्तर आडवे उभे. फादर परगावी असले की गावातली प्रार्थना मास्तरच चालवायचे. असं मेलेल्याला आत घेत नाहीत, हे त्यांनी लहानपणी शिकलेलं, तेच धरून बसले. फादर दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, आता तसं काही नाही, आत घ्यायला हवं होतं. तोवर पास्कल मातीत गेला होता. तेव्हापासून मास्तर आमच्या घरावरून जाताना मान वळवून जातात. मला त्या माणसाचा राग होता, आणि तो मी जपला होता.

गावातले आम्ही सगळे एसटीनं फाट्यापर्यंत गेलो, पुढं तुरीच्या वावरांमधून पायी. मास्तर सगळ्यांच्या पुढं जपमाळ म्हणत चाललेले, आत्याबाई सगळ्यांच्या मागं. तिनं वाटेत काही खाल्लं नाही.

टेकडीवरचं देऊळ जुनं, दार ठेंगणं. झेंडूच्या माळा लावलेल्या. लोक चौकटीला हात लावून, तो कपाळाला लावून, वाकून आत जात होते. मीही गेले. मागं पाहते तर आत्याबाई बाहेरच, चपला काढून उन्हात उभी. मी परत गेले, पाणी दिलं, चला म्हटलं. मिस्साची प्रार्थना सुरू होईल, लोक खोळंबलेत, असंही सांगून पाहिलं. शेवटी चिडले.

"मी येईन वं," ती म्हणाली. "पण त्याले दारातून वापस पाठवलं हाये. बोलावल्याबिगर तो कायले येईन? मानी पोरगा हाये माहा."

कुणी बोलवायचं, ते तिनं सांगितलं नाही. फक्त आत पाहिलं. आत मास्तर वेदीपाशी मेणबत्त्या लावत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज सगळ्यांदेखत त्यांना काय ते ऐकवायचंच, असं ठरवून मी आत गेले. जवळ गेले तर पेटलेली मेणबत्तीच ते पुन्हा पेटवत होते, डोळे दाराकडे. त्यांनी आत्याबाईला केव्हाच पाहिलं होतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मास्तर, पास्कल बाहेर उभा हाये."

मेणबत्ती तशीच ठेवून मास्तर लोकांमधून वाट काढत दारापर्यंत आले. मागोमाग मी. रांग थांबली. आत्याबाईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहत होती.

मास्तर दारातून बाजूला झाले.

"ये पास्कल," ते म्हणाले. "माहं चुकलं, बापा. अंदर ये."

मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. आत्याबाई मात्र लगेच आत आली नाही. आधी एक पाऊल मागं सरकली, त्याला पुढं जाता यावं म्हणून. मग त्या ठेंगण्या चौकटीकडे पाहून हळूच म्हणाली, "डोकं सांभाळ रे."

आणि त्याच्यामागून ती आत आली.