भुकेला वाफा

बारा दिवसांत भाताच्या रोपांचा वाफा पिवळा पडला. पुढच्या आठवड्याच्या गुरुवारी सीमाभागातल्या कंग्राळीच्या अकरा बायका मनुबाईच्या शेतात लावणीला येणार होत्या. पैरा होता, आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. त्यातल्या आठजणींच्या चिखलात मनुबाई आधीच वाकून आली होती, आता तिची पाळी. रोपं नसली तर पाळी गेली. मग शेवटाला कोण येतंय?

मे महिन्यात एका कंपनीचा साहेब काळ्या दाण्यांची पोती देऊन गेला होता. भट्टीत मुद्दाम तयार केलेला कोळसा. एकेका दाण्यात हजार बारीक भोकं, पाणी आणि खत धरून ठेवतो, म्हणाला. फोटो काढला आणि गेला. पोत्यावरची सगळी माहिती इंग्रजीत.

आमच्याकडं पेरणीआधी वाफ्यावर पाला, काटक्या पसरून जाळतात. त्या राखेवर रोप वाढतं, शेण घालत न्हाईत. मनुबाईनं काळे दाणे बघितले आणि म्हणाली, हा तर आयता भाजलेला वाफा. तिनं दाणे मातीत मिसळून बी पेरलं; पाला जाळला न्हाई, शेणही घातलं न्हाई.

ही मनुबाईची चूक म्हणायला सगळा गाव तयार. साहेबाची म्हणायला एकही तोंड उघडलं न्हाई. शिकलेल्या माणसाची चूक आपण चुकीत धरतच न्हाई.

पैऱ्यातली थोरली अंबुबाई बांधावर उभी राहून म्हणाली, "वाफा हळदीला बसलाय की गं मनू. लगीन कधी?"

मनुबाई वाकून पिवळी पानं चाचपत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ परशराम आला. तो वडगावात कापडाच्या मागावर कामाला. त्यानं वाफ्यातला एक दाणा पुसून जिभेवर ठेवला. दाणा जिभेला चिकटून बसला.

"आक्का, ह्ये उपाशी हाय," तो म्हणाला. "कोरं सूत खळीत बुडवलं की कसं वढतंय, बघितलंईस न्हवं? तसंच. तुझ्या मातीतलं सगळं ह्येनंच वढून घेतलंय. रोपास्नी काय ऱ्हायलं?"

"मग येचून काढू काय?"

"येचतीस कुठलं? खाऊ घाल. पोट भरलं की सोडंल."

"आणि न्हाय सोडलं तर?"

"तर गुरुवारी साहेबाला चिखलात उभा करू. रोपावानी."

दोघांनी शेण आणि गोमूत्र पाण्यात कालवलं, जुन्या लुगड्यातून गाळलं, पातळ केलं. सकाळ-संध्याकाळ वाफ्यावर घागरी ओतल्या. तीन दिवस काही फरक न्हाई. चौथ्या दिवशी अंबुबाई हसलीसुद्धा न्हाई, तेव्हा मनुबाई जास्त घाबरली. पाचव्या दिवशी एका रोपाच्या मधल्या कोवळ्या पोग्यातून एक पान वर आलं. हिरवं. खालची पानं पिवळीच, पण हे हिरवं होतं. मनुबाईनं लगेच आणखी एक घागर कालवायला घेतली.

गुरुवारपर्यंत वाफा हिरवा झाला, अकराही जणी आल्या. रोपं उपटताना पांढरी मुळं काळ्या दाण्यांत शिरलेली दिसत होती, झटकली तरी दाणे सुटत नव्हते.

तेवढ्यात साहेब मोबाईल घेऊन आला. "छान रिझल्ट आलाय. मॅडम, रोपं धरून जरा इकडं बघा."

"बघती," मनुबाई म्हणाली. "आदी पोत्यावर लिवा. शेणपाण्यात भिजवून, पोट भरूनच मातीत घालायचं. मराठीत आणि कानडीत."

"ऑफिसला कळवतो."

"ऑफिस ऱ्हाऊ द्या. पेन हाय न्हवं खिशात? पोतं हितं हाय."

बायका काम थांबवून बघत राहिल्या. साहेबानं इकडंतिकडं पाहिलं, मग बूट सांभाळत बांधावर उकिडवा बसला आणि रिकाम्या पोत्यावर लिहू लागला. शाई उमटेना, एकेक अक्षर त्याला चारदा गिरवावं लागत होतं.

"मोठं काडा," अंबुबाई म्हणाली. "मला चष्म्याबिगर दिसाय पायजे."

मनुबाईनं पदर खोचला, रोपांची जुडी उचलली आणि ओळीत जाऊन वाकली.