ताईंच्या नावाची डहाळी

मी एक वाळलेली डहाळी. जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्याने टाचलेली, अंगाला डांबरगोळ्यांचा वास. कॉलेजातल्या वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचं आमचं दालन; तिथे लोखंडी कपाटांच्या रांगा आहेत आणि कप्प्याकप्प्यांत माझ्यासारख्या वाळक्या मंडळींचे गठ्ठे. बाकीचे साध्या पुठ्ठ्यात असतात, मी लाल पुठ्ठ्यात. जिला बघून एखाद्या झाडाचं पहिल्यांदा नाव ठेवलं, तिलाच लाल पुठ्ठा मिळतो. त्या लाल रंगाचा मी काय तोरा मिरवलाय! आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि मी तर खरोखरच मेलेली.

मी वाढले एका खडकाळ उतारावरच्या झुडपावर. आमची फुलं चांदणीसारखी, पाचही पाकळ्या अगदी सारख्या. भुंगे यायचे, आत कसं शिरावं ते न कळून घिरट्या घालायचे आणि निघून जायचे. आपलं काहीतरी बिघडलंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला वाटायचं, भुंगेच मूर्ख!

एके दिवशी सर आले. तेव्हा ते तरुण होते आणि कॉलेजात नुकतेच वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले होते. मला बघून ते मटकन खालीच बसले. "अरे वा! तुम्ही कोण बाई?" असं चक्क मला विचारलं. मला कापलं, कागदांच्या घड्यांत दाबलं, रोज कागद बदलून निगुतीने वाळवलं. आसपास आणखी झुडपं शोधायची, ती काही त्यांनी शोधली नाहीत. आनंदात माणूस आजूबाजूला बघत नाही, हे मी तेव्हापासून पाहतेय.

झाडांचीही घराणी असतात. माझं फूल कुठल्याच घराण्यात बसेना, तेव्हा सरांनी माझ्या एकटीसाठी नवं घराणं काढलं आणि ताईंच्या नावाला लॅटिन शेपूट जोडून ते नाव मला दिलं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईवडील गेल्यावर ताईंनी शाळा सोडली, शिलाईचं मशीन घेतलं आणि लोकांचे कपडे शिवून धाकट्याला शिकवलं. "ती माझ्यापेक्षा हुशार होती हो," असं सर ज्याला त्याला सांगायचे. ताईंच्या नावावर ना घर, ना पदवी. होते ती मीच.

वर्षं गेली, सर निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक संशोधक आता आमचं दालन बघते. माझ्या आसपासच्या घराण्यांची नाती तपासायचं काम तिने हाती घेतलं. चिमट्याने माझ्या पानाचा नखाएवढा तुकडा काढला, त्यातला डीएनए वाचला आणि कपाळाला हात लावून बसली. पुन्हा तुकडा काढला. तेच उत्तर. मग माझ्या पानावरची लव, माझे परागकण, सगळं भिंगाखाली घालून झालं.

मी काही निराळी नव्हते. रस्त्याकडेला, कुंपणाच्या कडेला कुठेही उगवतं ना, वर-खाली दोन ओठ असल्यासारख्या फुलांचं झुडूप? त्यातलीच मी. फक्त माझं फूल बिघडलेलं.

तिने सरांना बोलावून घेतलं.

"यंत्रं चुकतात," सर म्हणाले.

"दोनदा केलं, सर. आणि हे बघा." तिने कुंपणाकडची एक ताजी फांदी पुढे ठेवली. खालची सगळी फुलं दोन ओठांची, आणि शेंड्यावर एकच फूल चांदणीचं. हुबेहूब माझं.

सरांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे एका बिघडलेल्या फुलावर मी अख्खं घराणं उभं केलं!"

"सर, मी हे इतक्यात छापत नाही. ताई आहेत तोवर थांबू या."

"वेडी आहेस का? चूक मी केली, आणि ती झाकत तू बसणार?"

ती रडवेली झाली.  जन्मभर गप्प राहिले मी, आणि बोलले ती माझ्या सरांच्याच विरुद्ध, तेही ताईंचं नाव घालवायला.

आमच्याकडे जुनं नाव कुणी खरडत नाही. खरं नाव लिहिलेली चिठ्ठी त्याच कागदावर चिकटवतात. ती चिठ्ठी सरांनी स्वतः लिहिली आणि सही केली. मग ते ताईंना घेऊन आले. ताईंनी मला आजवर प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं.

"अगं बाई, किती नाजूक!" ताई वाकून म्हणाल्या. "आणि बाळ्या, ही नवी चिठ्ठी कसली?"

सरांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

"मग माझं नाव गेलं?"

"जात नाही, ताई," संशोधक घाईने म्हणाली. "पुस्तकात राहतं. खऱ्या नावाच्या खाली, जुन्या नावांत."

ताईंनी ती चिठ्ठी पुन्हा एकदा निरखली. मग म्हणाल्या, "असू दे. खाली राहायची सवय आहे मला."

सर तिथल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी तोंड झाकून घेतलं. ताईंनी एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट हळूच माझ्या फुलावर टेकवलं. शिवून शिवून जाड झालेलं बोट ते. माझी एक पाकळी मोडून कागदावर पडली.

"अगंऽ, मोडलं का? चुकलं गं माझं," ताई मला म्हणाल्या. मला!

माझा लाल पुठ्ठा मिटला तेव्हा तेच शब्द कानात होते. तुमच्यापैकी कुणाला ताई कधी भेटल्या, तर माझं एवढं काम करा. त्यांना सांगा, माफी मी मागायची होती.