स्टेजवरचं कुंकू

रिठदच्या उकंडरावांच्या घरी त्या सकाळी रोजचीच कामं चालली होती. थोरली सून राखी ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. सासू चतुराबाई लेक निकिताच्या लग्नाचे गहू निवडत होत्या. आणि धाकटा दीर ऋषिकेश आरशासमोर उभा राहून हात जोडण्याचा सराव करत होता.

वाशीमला व्यक्तिमत्त्व विकासाच्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्यापासून त्याचं सगळंच पालटलं होतं. आवाज खाली आला, पांढऱ्या सदऱ्याला कडक इस्त्री आली, आणि दिसेल त्या म्हाताऱ्याच्या पायाशी तो वाकू लागला. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीवर त्याचा डोळा होता. शिबिरात त्याला शिकवलं होतं की लोक माणसाचं काम पाहत नाहीत, त्याची गोष्ट पाहतात. आणि ती शोधायला लांब जायचं कारण नाही, घरातच सापडते. ऋषिकेशनं घरात शोधली, तर त्याला वहिनी दिसली.

राखीचा नवरा विकास मेडशीजवळच्या वळणावर मोटारसायकल घसरून गेला होता. तेव्हापासून ती घरातल्या सगळ्या कामांत होती आणि घरातल्या कुठल्याच कार्यात नव्हती. तिला कोणी हिडीसफिडीस करत नसे. कुणाची ओटी भरायची वेळ आली की चतुराबाई नुसतं म्हणत, "राखी, चुलीवरचं पाह्य जरा." राखी समजून आत जाई.

त्या दिवशी फोटोवाला आला. ऋषिकेश गावात विधवा सन्मान सोहळा घेणार होता आणि त्याच्या फलकावर दीर-भावजयीचा फोटो हवा होता. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. हे जुने रिवाज आता मोडलेच पाहिजेत, असं तो फोटोवाल्यासमोर मोठ्यानं बोलला.

राखीला त्याचा राग आला नाही. उलट आरशात स्वतःचं तोंड पाहून तिला भरून आलं. किती दिवसांनी कोणी ओळखीचं भेटावं तसं. फोटोवाल्यानं हसायला सांगण्याआधीच ती हसली होती.

फोटोवाला गल्लीबाहेर पडला, तशा चतुराबाई ओला फडका घेऊन आल्या. "पुसून घे माय. लग्नाचं घर हाय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राखीनं दिराकडं पाहिलं. तो मान खाली घालून मोबाईलवर फोटो निवडत होता.

सोहळा शाळेच्या पटांगणात झाला. गावच्या आणि आसपासच्या विधवा बाया खुर्च्यांवर अंग चोरून बसल्या होत्या. त्यांत गोमतीबाई होती. ऐन तारुण्यात नवरा गेलेली ही बाई उकंडरावांच्याच शेतात निंदण-खुरपण करत म्हातारी झाली होती. ऋषिकेशची बहीण निकिता लहानपणी तिच्याच मांडीवर खेळली. स्टेजवर पाहुण्या बायांनी गोमतीबाईला कुंकू लावलं, हातांत बांगड्या भरल्या. ऋषिकेश तिच्या पाया पडला आणि माईक घेऊन म्हणाला, "माह्या बहिणीच्या लग्नात पहिली हळद गोमती मावशीच लावन!"

टाळ्या पडल्या. मोबाईल वर झाले. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मंगरूळपीरपर्यंतच्या लोकांनी पाहिला.

गोमतीबाईनं मात्र तो पाहिला नव्हता. तिनं फक्त ऐकलं होतं, आणि खरं मानलं होतं.

निकिताच्या हळदीच्या दिवशी ती सकाळीच आली. न्हाऊन, मिळालेली हिरवी साडी नेसून, बांगड्यांसकट. मांडवाच्या तोंडाशी चतुराबाईंनी तिला पाहिलं आणि त्यांच्या हातातलं ताट थांबलं. वराकडच्या बायांत कुजबूज सुरू झाली. ऋषिकेश पुढं आला, हसतमुखानंच त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला मागच्या अंगणात आणलं. तिथं राखी पुऱ्या लाटत बसली होती.

"मावशी, पावने जुन्या वळणाचे हायेत," तो हळू आवाजात म्हणाला. "ते स्टेजवरचं होतं. तुले समजते न?"

गोमतीबाई त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. "म्हंजे खोटं होतं का बाप्पा?"

"खोटं नाही. प्रोग्रॅम होता."

गोमतीबाई खाली बसली आणि बांगड्या उतरवू लागली. सुजलेल्या हातांतून त्या निघत नव्हत्या. ती रडली नाही. "नव्हतं तवा नव्हतं," ती म्हणाली. "कधी मांगतलं का म्या? देऊन काहून नेलं?"

ऋषिकेशचा फोन वाजला म्हणून तो निघून गेला.

राखीनं लाटणं खाली ठेवलं. गोमतीबाईचा हात धरून ती सरळ मांडवात गेली आणि पाटावर बसलेल्या निकितासमोर उभी राहिली. सासूकडं, दिराकडं तिनं पाहिलंच नाही.

"निकिता, तुह्यी हळद हाय. तूच सांग. मावशीनं लावू का नोको?"

उकंडराव कोपऱ्यात खुर्चीवर होते. त्यांनी पागोट्याचा शेमला सारखा केला. निकितानं गोमतीबाईच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग आईकडं, मग होणाऱ्या सासरच्या बायांकडं. तिची मान खाली गेली.

"वयनी, आज नोको," ती म्हणाली.

चतुराबाईंनी किंवा ऋषिकेशनं म्हटलं असतं तर राखीनं भांडण केलं असतं. या पोरीशी काय भांडणार? उद्या हीच सून होऊन दुसऱ्याच्या मांडवात अशीच मान खाली घालणार होती. राखी गोमतीबाईला घेऊन निघाली ती परत घरी आली नाही. दोघी गोमतीबाईच्या खोपीत राहू लागल्या. उकंडरावांनी निरोप पाठवला, चार लोक नावं ठेवतात, परत ये. राखीनं उलट विचारलं, कोणत्या दारानं येऊ, पुढच्या का मागच्या?

ऋषिकेशनं लोकांच्या नावं ठेवण्याचीही तजवीज केली. काही दिवसांनी तोच जुना फोटो पुन्हा मोबाईलवर फिरू लागला. खाली लिहिलं होतं, 'वहिनींना स्वतःच्या पायावर उभं केलं, याचं समाधान.' त्याखाली शेकडो लोकांनी हात जोडले होते. गोमतीबाईला परत जाताना पाहूनही मांडवात पोटभर जेवलेल्या माणसांचे हातही त्यांत होते. राखीनं खाली खरं काय ते लिहिलं. ते लगेच पुसलं गेलं.

तेव्हा हळद काढणीचे दिवस होते. राखी बायांबरोबर मजुरीला जाऊ लागली. आता ती रोज कुंकू लावत असे. चिमूटभर पुडीत बांधून कमरेलाही ठेवी. दुपारच्या भाकरीला तिनं सगळ्यांसमोर मांडवातली गोष्ट सांगितली. बाया ऐकत राहिल्या. शेवटी चंदाबाई बोलली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली बाई. उद्या रिसोडला ऋषिकेशचा पुन्हा तसाच सोहळा आहे आणि आपल्यालाही न्यायला गाडी येणार आहे, असं तिनं सांगितलं.

"नोको जाऊ चंदाबाई," राखी म्हणाली. "खोटं हाय ते."

"मले माईत हाय," चंदाबाई भाकरीकडं पाहत म्हणाली. "पण तेवढा वेळ तरी कपाळ भरलेलं राह्यते."

बाया खाली पाहत होत्या. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते, आणि त्यांतल्या कितीतरींना दुसऱ्याच्या लेकीला बोटभर हळद लावायची मुभा नव्हती.

राखीनं कमरेची पुडी सोडली आणि चंदाबाईपुढं उकिडवी बसली.

"मंग इथंच लावून घे. इथं कोणी फोटो काढून नाही राह्यलं."

चंदाबाईनं घाबरून बांधाकडं, रस्त्याकडं पाहिलं. कोणीच नव्हतं. मग तिनं कपाळावरचा पदर हळूच मागं सारला.