टेबलापाशी दिलेला शब्द

मित्रांनो, मी मालिशचे एक जुने टेबल आहे. माझा एक पाय बोटभर आखूड आहे. माझ्या फळ्यांत तेलाचा वास इतका मुरला आहे, की रंधा मारला तरी तो जाणार नाही. सध्या मी मेलबर्नमधल्या एका घरामागच्या शेडमध्ये उभे आहे आणि माझ्यावर रंगाचे डबे ठेवलेले असतात. पण एकवीस हिवाळे माझ्यावर माणसे निजली. मोठमोठी माणसे, ज्यांची नावे हजारो लोक मैदानात ओरडत असत.

मला अर्न व्हिकेरीने घडवले. अर्न पेशाने सुतार. सरावाच्या दिवशी आणि सामन्याला मात्र तो फूटबॉल क्लबात खेळाडूंची मालिश करी. आमच्या क्लबाच्या जर्सीवर खंड्या पक्षी होता. मैदानातली लाकडी गॅलरी पाडली, तेव्हा अर्नने तिथली दोन बाके मागून घेतली.

"पन्नास वर्षं लोक ह्यांच्यावर बसून बोंबलले," तो बायकोला, नोरीनला म्हणाला. "आता कुणीतरी निवांत पडू दे."

त्याच बाकांचे मी झाले.

आमच्याकडचा फूटबॉल लंबगोल चेंडूचा. चेंडू झेलायला माणसे एकमेकांच्या खांद्यांवर गुडघे रोवून वर चढतात. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी माझ्यावर येणारे एकही अंग धड नसे. पालथे पडले, तोंड फळीत गेले, की ही धिप्पाड माणसे बोलू लागत. एकाला पुढच्या वर्षी क्लब ठेवील की नाही याची धास्ती होती. एकाची बायको घर सोडून गेली होती. अर्नचे हात चालत राहत आणि शेवटी तो प्रत्येकाला एकच वाक्य सांगे, "इथं बोललेलं टेबलाला कळतं आणि मला कळतं. तिसऱ्याला नाही." ते ऐकले की मला माझ्या चार पायांचा अभिमान वाटे. इतका विश्वास किती टेबलांच्या वाट्याला येतो?

नेड कॅलिहन आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. गव्हाच्या शेतांच्या मुलखातून आलेला, उंच, लाजाळू. पहिल्याच दिवशी बुटांसकट माझ्यावर आडवा झाला.

"घरी पण असाच झोपतोस का?" अर्नने विचारले.

"घरी आई असते," नेड म्हणाला.

"इथं मी आहे. बूट काढ."

तेव्हापासून दोघांचे जमले. नेड त्याला "म्हाताऱ्या" म्हणे, आणि अर्न त्याची शिकवणी घेतल्यासारखा त्याला रागवे. पंधरा वर्षे नेड खेळला. गळ्याजवळचे हाड दोनदा मोडले. एका हाताची करंगळी वाकडी झाली ती कायमची. एका वर्षी संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि हरला. त्या संध्याकाळी नेड माझ्यावर पडून रडला. अर्नने दिवा मालवला आणि तो दाराबाहेर पहारा देत उभा राहिला. एवढे जपत असे तो.

तेहतिसाव्या वर्षी नेडने जाहीर केले, की हा आपला शेवटचा हंगाम. आणि त्याच वर्षी संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला.

त्या आठवड्यातला मंगळवार मी विसरू शकत नाही. अर्नची बोटे नेडच्या मांडीमागे फिरत होती. ती एका जागी थांबली.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"तोंडानं खोटं बोलशील. हा स्नायू कसा बोलेल?"

"शनिवारपासून. पळताना आत काहीतरी ओढतंय. अर्न, कुणाला बोलू नकोस."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं की संपलं. पंधरा वर्षं झाली रे. ह्यानंतर मला सामना नाही. तू शब्द दे."

अर्नने पुष्कळ तेल ओतले. गरजेपेक्षा जास्तच. मग तो म्हणाला, "इथं बोललेलं टेबलाला कळतं आणि मला कळतं."

नेडचे अंग सैल पडले. मला ते फळीफळीत जाणवले.

गुरुवारी संघ ठरायचा होता. दुपारी प्रशिक्षक ग्लेन स्ट्रॅहन खोलीत आला आणि त्याने दार लावून घेतले.

"नेडचा पाय कसा आहे?"

"त्याला विचार."

"तो मोडका पाय घेऊनसुद्धा हो म्हणेल. मी तुला विचारतोय. तुझं नाव निघणार नाही."

अर्न फडक्याच्या घड्या घालत होता. घातलेली घडी त्याने मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "पहिल्या वीस मिनिटांत जाईल."

तासाभराने नेड आला. स्ट्रॅहनने त्याला काय सांगितले होते, ते त्याच्या चेहऱ्यावरच होते. अर्नचे नाव पुढे करून स्ट्रॅहन मोकळा झाला होता.

"तू सांगितलंस?"

"सांगितलं."

"का?"

"तो पाय टिकला नसता, नेड."

"नसता टिकला. पाय माझा होता." आवाज जराही चढला नाही. खुंटीवरचा टॉवेल त्याने घेतला आणि तो निघून गेला.

संघ चार गुणांनी जिंकला. जे मैदानात उतरले त्यांनाच पदके मिळाली. नेड सूट घालून सीमेबाहेर उभा राहिला आणि टाळ्या वाजवत राहिला. हे मी पाहिले नाही. नंतर माझ्यावर निजलेल्यांपैकी कोणीतरी सांगितले. खेळाडूंनी मला सांगितलेली ती शेवटची गोष्ट.

कारण अर्नने शब्द मोडल्याचे कळले आणि सारे मुके झाले. "दुखतंय का?" अर्न विचारी. "नाही," उत्तर येई. पोटरीत गोळा आलेला मला कळत असे, तरी उत्तर तेच. अर्नला कोणी बोल लावला नाही, पण कोणी आपले मनही त्याच्यापुढे ठेवले नाही. दुसऱ्या हिवाळ्यात त्याने क्लब सोडला. क्लबाने घडीची टेबले आणली आणि मला अर्नच्या दारात आणून टाकले.

मला अर्नचा फार राग आला, मित्रांनो. त्याने शब्द एकट्याचा दिला नव्हता. त्यात मला साक्षीला उभे केले होते. त्याने तो मोडला, तेव्हा माझ्या पाठीवर निजलेल्या माणसाला मीही फसवले, असे मला वाटत राहिले.

नऊ वर्षांनी एका रविवारी नोरीन शेडचे दार ढकलून म्हणाली, "अर्न, बघ कोण आलंय."

नेड होता. कानशिले पांढरी झाली होती. अर्नने घाईघाईने माझ्यावरचे डबे खाली काढले. त्याची बोटे आता सांध्यांत सुजलेली होती.

"ये, पड जरा. खांदा बघतो तुझा."

"नको," नेड म्हणाला आणि स्टूल ओढून बसला. नोरीनने चहा दिला. बराच वेळ गव्हाच्या पिकाचे बोलणे झाले. मग नेड म्हणाला, "सामन्यानंतरच्या सोमवारी मी पायाची तपासणी करून घेतली होती. स्नायू अर्धा फाटलेला निघाला. वीस मिनिटंसुद्धा निघाली नसती. मी सामना घालवला असता."

"म्हणजे माझं बरोबर होतं." अर्न म्हणाला.

"बरोबर होतं."

"मग नऊ वर्षं आला का नाहीस?"

नेडने कप खाली ठेवला. "मंगळवारीच तोंडावर म्हणायचंस, नेड, मी हे सांगणार. मी तुला शिव्या घातल्या असत्या, म्हाताऱ्या. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तुझ्यापुढेच येऊन पडलो असतो."

नेडने चहा संपवला, नोरीनचा निरोप घेतला आणि तो गेला. त्यानंतर तो आलेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाला फारशी निगा लागत नाही. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवला की पुरते. पण उद्या कोणी तुमच्यापाशी मन उघडू लागला, तर ते जपता येईल का, हे आधी स्वतःला विचारा. जपता येणार नसेल, तर त्याला तिथेच थांबवा आणि तसे तोंडावर सांगा. तो रागावेल. रागावू द्या. रागावलेला माणूस परत येतो.