निळ्या गाडीची खोट

आमच्या निळ्या गाडीशी माझं कधीच पटलं नाही. आजारी पडायचं तर सरळ पडावं ना! ही एक दिवस ठणठणीत, आणि दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवून मनगट दुखलं तरी ढिम्म. दुपारी पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात सुरू. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती आईच्या दम्यासाठी पुण्याहून जुनी आणली होती. आमच्या मढ गावी पावसाळ्यात माळशेजचं धुकं पार घरात शिरतं. आईचा श्वास अडकायचा, आणि जुन्नरच्या एसटीला काही तिच्या श्वासाची पडलेली नव्हती.

दादा वायरमन म्हणून निवृत्त झालेले. ओल्या हातानं घरातलं बटणसुद्धा कुणाला दाबू द्यायचे नाहीत. गाडीच्या बॉनेटला त्यांच्याशिवाय कुणी शिवायचं नाही, हा तर घरातला कायदाच होता. सकाळी गाडी अडली की ते एकेक वायर चाचपत बसायचे. तोवर ऊन वर यायचं आणि गाडी शहाण्यासारखी चालू व्हायची. जुन्नरला संपत मिस्त्रीकडे नेली की तिथं पहिल्याच किल्लीला. बॅटरी बदलून झाली, प्लग झाले, कॉइल झाली.

"जयवंतभाऊ, गाडीला कायबी झाल्यालं न्हाई. तुमालाच वहीम हाय," संपत म्हणायचा.

एकदा आई माहेरी तळेघरला जाऊन राहिली, तेव्हा गाडी एकदाही अडली नाही. आईला चिडवायला दादांना तेवढंच पुरलं. "लई राग हाय तिचा तुज्यावर. सवत मानती तुला!" आई पदर तोंडाला लावून हसायची, आणि हसता हसता खोकत सुटायची.

ऑगस्टातल्या एका पहाटे आईला मोठा अटॅक आला, आणि नेमकी तेव्हाच गाडी अडली. शेजारचे गेणभाऊ आणि आळीतली माणसं धुक्यात धक्के मारून दमली. शेवटी कशीबशी सुरू झाली, पण जुन्नरचा दवाखाना यायच्या आधीच आई गेली. मी घोडेगावला, सासरी. मला कळलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

आईच्या पुण्यानुमोदनाला विहारात लोक जमले. वंदना झाली, आणि चहाचे कप हातात येताच माणसं मूळ पदावर आली. "जयवंतानं भंगार घेतलं, त्यात बाईचा जीव गेला." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. दादांनीही ऐकलं. ते मान खाली घालून बसले. मला असा संताप आला की कप तिथंच आपटावासा वाटला. मिस्त्रीलाही न सापडणारी खोट गाडीत आहे, त्याला माणूस काय करणार? ती खोट एकदा शोधून काढायची आणि या लोकांच्या तोंडावर फेकायची, असं मी ठरवून टाकलं.

"ऱ्हाऊ दे पोरी," दादा म्हणाले. "आता काय करायचंय?"

पण मला राहू देता येईना. त्यातून गाडीनं छळ मांडलेला. आई गेल्यापासून ती रोज सकाळी अर्ध्या किल्लीत सुरू व्हायची. दादा तिच्यात जाऊन बसायचे, चालू करायचे, थोडा वेळ आवाज ऐकायचे आणि बंद करायचे. मढला आले की तो आवाज मला सोसायचा नाही.

शेवटी माहेरपणाला आले असताना बाजारच्या दिवशी मी हट्टानं गाडी जुन्नरला न्यायला लावली. गेणभाऊंनाही मुद्दाम बरोबर घेतलं. मढमध्ये बातमी पोचवायला तेवढा एक माणूस पुरतो.

संपतला मी सांगितलं, खोट सापडल्याशिवाय इथून हलणार नाही. तो बिचारा सकाळपासून एकेक भाग खोलत राहिला. प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डब्याचं झाकण त्यानं काढलं, उजेडात धरलं आणि बराच वेळ आतून निरखलं. आत केसासारख्या काळ्या रेघा उमटल्या होत्या. डब्याच्या बुडाशी सुतळीचा एक तुकडा अडकला होता.

"ह्यात पाणी धरत व्हतं," तो म्हणाला. "वरून प्लास्टिक बांधायचं का कुणी? ओल्या फडक्यानं पुसून वर पिशवी बांधली, तर रातभर आत दमट ऱ्हातं. सकाळी प्लगाला करंट जायाचाच न्हाई. ऊन लागलं, वाळलं, की झाली चालू."

मी तोंड उघडायच्या आत दादा बोलले. "मीच बांधायचो. माजीच चूक."

गेणभाऊ चुकचुकले. "आरं, जलमभर वायरमन व्हतास ना?"

दादा खोटं बोलत होते. ओल्या फडक्याला वायरीजवळ फिरकू न देणारा माणूस!

गेणभाऊ बाजाराला थांबले. परतताना धरणाच्या पाण्याशी आलो, तसं मी दादांना गाडी थांबवायला लावली.

"आई बांधायची ना?"

दादांचे हात स्टिअरिंगवरच राहिले. "त्या दिवशी धक्के मारून दमलो, आन् बॉनेट उघाडलं. बघतो तर दुधाची पिशवी बांधल्याली. रोज मी उठायच्या आत सोडून घेत आसंल. त्या दिवशी तिला उठताच आलं न्हाई. झाकण आतून पार वलं. सदऱ्यानं पुसलं, आन् चालू झाली गाडी."

"मग तसं सांगायचं की लोकांना! सगळं गाव तुम्हाला बोल लावतंय, आणि तुम्ही गप्प?"

"काय सांगू? तिच्याच हातानं झालं, आसं सांगू?"

मला रडू आलं. रागानं की कशानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"तिला तरी कळलं का?" मी विचारलं.

"न्हाई." दादा पाण्याकडे बघत होते. "मागच्या शिटावर पडल्या पडल्या म्हणली, 'अवं, तुमी रागवाल म्हून बोलले न्हाई. रोज सांजचं मी ते झाकण आतनं पुसून ठेवती, वर पिशवी बांधती. ऐन वख्ताला गाडी अडाया नगं.' लई दम लागला व्हता, तरी सगळं बोलली."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, तरीच. तरीच आज चालू झाली. तुज्यामुळंच." त्यांनी डोळे पुसले. "हासली. त्याच्यापुढं बोलली न्हाई."

मग त्यांनी किल्ली फिरवली, आणि गाडी लगेच सुरू झाली.

गेणभाऊ संध्याकाळच्या एसटीनं आले. दिवेलागणीपर्यंत सगळ्या मढला कळलं की चूक जयवंताचीच होती. ओट्यावर बसून मी ते ऐकत होते. आयुष्यात कुणाचं एक ऐकून न घेणारी मी, पण त्या दिवशी गप्प बसले.