राजाच्या कानाखालची खाच

दुकानदाराने पेटी काउंटरवर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही काढला नाही.

"दादा, तुमचं ते नाणं द्या आणि पेटी घेऊन जा, असं मी म्हणालो होतो खरं. पण आज आकडे बघितले." त्याने स्क्रीन वळवली. "तपासणी कंपनीकडे या दर्जाची सहा नाणी नोंदलीत. तुम्ही घेतलंत तेव्हा एकही नव्हतं. आता ते दुर्मीळ कसलं? आणि पेटीसाठी दुसरं गिऱ्हाईक निघालंय, पोचेलच."

नवऱ्याशेजारी उभी असलेली घड्याळजींची बायको पेटीकडे बघत होती. पेटी तिच्या वडिलांची, त्यांनी जमवलेल्या नाण्यांची. प्रत्येक नाण्याखाली त्यांनी स्वतः कापलेला निळ्या मखमलीचा तुकडा होता. या एका नाण्यापायी नवऱ्याने ती पेटी इथेच देऊन टाकली होती, तीही तिला न विचारता. तिने धरलेला अबोला पुढे सुटला, पण मनातली अढी सुटली नाही. आता इतक्या वर्षांनी तो आपणहून पेटी परत आणायला निघाला होता.

आणि ऐन वेळी हा बाबा मूग गिळून बसलेला!

ती सहा नाणी कुठली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घड्याळजी नाणं तपासायला पाठवायचे. मनासारखा दर्जा मिळाला नाही की कंपनीने नाणं घालून पाठवलेली प्लास्टिकची सीलबंद डबी पकडीने फोडायचे आणि तेच नाणं पुन्हा पाठवायचे. डबीतली दर्जाची जुनी चिठ्ठी कंपनीला परत केली की जुनी नोंद रद्द होते. हे महाशय ती केरात टाकायचे, म्हणून दर वेळी एक नवं नाणं मोजलं जायचं. नाण्यांच्या नादी लागलेल्याला शिकवायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"अहो, सांगा ना," ती कुजबुजली. "सहाही वेळा ते आपलंच नाणं आहे."

"गप्प बस."

ती कसली गप्प बसतेय. तिने दुकानदाराला सगळं सांगितलं.

"वहिनी, असं कुणीही म्हणेल."

"कंपनी फोटो काढते ना? लावा की."

"नको!" घड्याळजी ताडकन उठले. "राहू दे ती पेटी. चल घरी."

ती बघतच राहिली. तोवर दुकानदाराने फोटो उघडले होते. पहिल्या फोटोत राजाच्या कानाखाली एक तिरपी खाच होती. दुसऱ्यातही तीच, तिसऱ्यातही. ती खाच तिने लगेच ओळखली. नवरा कशाला पळ काढतोय, ते आता तिला कळलं.

"ही खाच सगळीकडे एकच आहे," ती कशीबशी म्हणाली.

"साच्यातला दोष असेल. मग प्रत्येक नाण्यावर तशीच उठणार."

बाहेर गाडी थांबली. दार वाजलं. घड्याळजींनी तिचा दंड धरला, पण तिने तो सोडवून घेतला.

"साच्यातली नाही ती. मी पाडलीय. ते घरी आणलं त्याच दिवशी मी रागाने भिंतीवर भिरकावलं होतं."

दुकानात शिरलेला माणूस दारातच घुटमळला. दुकानदाराने घड्याळजींचं नाणं भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"साच्यातला दोष असता तर उंचवटा आला असता," शेवटी तो म्हणाला. "ही आत गेलीय. मारच आहे हा." त्याने दारातल्या गिऱ्हाइकाकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि पेटी तिच्यापुढे सरकवली.

पेटी छातीशी धरून ती रस्त्यावर आली. घड्याळजी मागोमाग आले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. नाण्याला भिंतीचा चुना लागला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"कुठल्या तोंडाने बोलणार? पेटी मीच दिली होती ना."

"आणि खाच माहीत असताना पुन्हा पुन्हा पाठवायचात कशाला?"



"वाटायचं, एखादा तरी तपासणारा म्हणेल की काही झालेलंच नाही."