शिळं द्रावण

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत. पंचवीस वर्षं जिवाणू वाढवायचे, द्रावणं बनवायची, हेच तिचं काम. आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पीएचडी करणारी मुलगी त्या दिवशी रडकुंडीला आली होती. जिवाणूंचं एक प्रथिन पोकळ चेंडूसारखं असतं. ते विरघळलेलं लोह आत घेतं, त्याचं गंजात रूपांतर करतं आणि अडीअडचणीसाठी साठवून ठेवतं. प्रथिनातली हा गंज चढवणारी जागा मुलीने शोधली होती आणि मुद्दाम बिघडवलीही होती. तरी लोह घातल्यावर बिघडवलेलं प्रथिन मूळ प्रथिनाइतकंच भराभर तपकिरी होत होतं.

तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "म्हणजे जागा चुकली. दोन वर्षं पाण्यात."

मावशीने लोहाच्या द्रावणाची बाटली उजेडात धरली. "हे कधी बनवलं गं?"

"परवा. का?"

"ताजं असलं की फिकट हिरवं दिसतं. हे पिवळं पडलंय. बाटलीतच गंजलंय ते."

"मावशी, रंगावरून विज्ञान होत नाही," सर हसले.

मावशीने प्रथिन नसलेल्या साध्या नळीत त्याच बाटलीतले चार थेंब सोडले. नळी तपकिरी झाली, वर गढूळही. सरांचं हसू मावळलं.

मग तिने स्वतः ताजं द्रावण बनवलं. मूळ प्रथिनाची नळी बघता बघता मधासारखी झाली, नितळ. बिघडवलेल्या प्रथिनाची मात्र पाण्यासारखीच राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मुलगी घड्याळाकडे बघायचंही विसरली.

"जागा बरोबर होती," ती पुटपुटली आणि मावशीच्या गळ्यातच पडली.

शोधनिबंध लिहिताना सर म्हणाले, "शेवटी मावशींचे आभार मानू."

"आभार नाही," मुलगी ठामपणे म्हणाली. "लेखकांत नाव. त्यांनी माझे डोळे उघडले नसते, तर मी खोटं छापलं असतं."

सरांनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. "खरंय. चूक माझीही होती."

निबंध छापून आला तेव्हा मावशीने बहिणीला फोन लावला. "अगं, पेपरात माझं नाव आलंय!"

"अगं बाई! काय केलंस तू?" बहीण घाबरली.

"गंज पकडला," मावशी ऐटीत म्हणाली आणि पहिल्यापासून सांगायला बसली.